फोर-बाय-फोर पिकअप: गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरेन्शियलसाठी तेल कसं निवडायचं?

डबलकॅब_फोरबायफोर

मंडळी, चारही ठिकाणचं तेल एकाच दिवशी बदलायचं आहे, म्हणून एकत्रच विचारतो.

गाडी: डिझेल डबल-कॅब पिकअप, ५ स्पीड मॅन्युअल, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) चेनचा. मागचा एक्सल सॉलिड, त्यात क्लच-प्लेटचा लिमिटेड-स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून असतो तो). पुढचा डिफरेन्शियल साधा, ओपन. मीटरवर १,२०,००० किमी. महिन्यातून तीन-चार वेळा दीड टनाचा ट्रेलर, त्यात लांब चढ.

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असं: गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४, ट्रान्स्फर केसला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल), पुढच्या डिफरेन्शियलला ८०डब्ल्यू-९० जीएल-५, मागच्याला ८०डब्ल्यू-९० जीएल-५ आणि त्यापुढे ‘एलएसडी’ (लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल).

प्रश्न:

१. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरेन्शियल, सगळीकडे एकच ७५डब्ल्यू-९० जीएल-५ भरलं तर चालेल का? जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचं, म्हणजे ते दोन्हीकडे चालतं, असं सर्रास सांगितलं जातं.

२. ट्रेलर ओढायचा म्हणून मागे ७५डब्ल्यू-१४० घालावं का?

३. लिमिटेड-स्लिपसाठी वेगळी अ‍ॅडिटिव्हची बाटली लागते का, आणि किती?

४. सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं दुसरा गिअर जड पडतो, नंतर ठीक होतो. हे तेलाने सुटेल का?

पितळीकडी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच गिअरबॉक्स वाया जातात. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ भरू नका.

जीएल-४ आणि जीएल-५ या एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या मानल्या जातात, तिथून सगळा घोळ सुरू होतो. हे आकडे तेल कोणत्या प्रकारच्या गिअरसाठी बनवलंय ते सांगतात. डिफरेन्शियलमधले क्राऊन-पिनियन हायपॉइड असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाताच्या लांबीभर घासतही जातात, आणि तेसुद्धा प्रचंड दाबाखाली. या घासण्यात तेलाचा थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. तो क्षण सांभाळायला जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं अतिदाब रसायन घातलेलं असतं. ते उष्णतेने जागं होतं आणि पोलादाच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतं. दात घासतात तेव्हा हा थर झिजतो, पोलाद वाचतं. जीएल-४ मध्ये हेच रसायन साधारण निम्म्या प्रमाणात असतं.

आता गिअरबॉक्स. तुमच्या ५ स्पीडमध्ये सिंक्रोच्या कड्या असतात, बहुतेक पितळेच्या. गिअर बदलताना ही कडी समोरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग एक करते आणि मग स्लीव्ह सरकते. सिंक्रोला घर्षण हवंच असतं. जीएल-५ मुळे इथे दोन वेगवेगळे त्रास होतात, ते एकत्र करू नका. पहिला: तेल त्या जागेसाठी जास्त निसरडं ठरतं, कडी शंकूला धरत नाही, वेग जुळायला उशीर होतो आणि गिअर कर्रकन ओरडतो. हा त्रास तेल बदलल्या दिवसापासून जाणवतो. दुसरा सावकाश होतो: सक्रिय गंधक गरम तेलात तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. पितळेवर जो थर बनतो तो निघताना खालच्या धातूलाही सोबत नेतो, आणि कडीच्या आतल्या बाजूच्या बारीक धारा बोथट होत जातात. तेल काढलं की त्यात सोनेरी चमक दिसते, ती हीच.

सगळी जीएल-५ तेलं पितळेला सारखीच वाईट नसतात, हेही खरं. तांब्याच्या पट्टीची एक प्रमाण चाचणी असते. पट्टी १२१ अंशांवर ३ तास तेलात ठेवतात आणि किती काळवंडली ते पाहतात. १ए किंवा १बी निकाल म्हणजे डाग जवळपास नाही. तेलाच्या माहितीपत्रकात ‘कॉपर कोरोजन’ या नावाने हा निकाल छापलेला असतो. काही गिअरबॉक्सचे निर्माते स्वतःच जीएल-५ ला परवानगी देतात, आणि त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जीएल-४ आहे, म्हणून जीएल-४.

बाटलीवर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही लिहिलेलं दिसलं, तर त्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की हे जीएल-५ आहे आणि दाब सहन करण्याच्या बाबतीत जीएल-४ च्या अटीही पूर्ण करतं. सिंक्रोसाठी चालतं का, याचं उत्तर त्यात नाही. माहितीपत्रकात ‘सिंक्रोनाइज्ड मॅन्युअल ट्रान्समिशन’ असा उल्लेख असेल तरच घ्या. आणखी एक खूण आहे एमटी-१. ती ट्रक-बसच्या सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे, तुमच्यासाठी नाही. नाव पाहून फसायला होतं.

उलटी चूकही तितकीच महाग: जीएल-४ डिफरेन्शियलमध्ये. तिथे रसायन कमी पडतं आणि दातांवर ओरखडे उमटायला लागतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत तर लवकरच. तेव्हा दोन वेगळे कॅन घ्याच.

चौथा प्रश्न: थंडपणी जड आणि गरम झाल्यावर ठीक, हे दाट तेलाचं लक्षण आहे. आत्ता आत नेमकं काय आहे ते माहीत असेल तर सांगा. कोणी ८०डब्ल्यू-९० भरलेलं असेल तर नुसत्या ७५डब्ल्यू-९० ने फरक पडेल. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा असतो. ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० अंशांवर १,५०,००० सेंटिपॉइजच्या (दाटपणाचं एकक) आत राहायचं असतं, ८०डब्ल्यूला तीच मर्यादा उणे २६ वर आणि ८५डब्ल्यूला उणे १२ वर. एवढी थंडी तुमच्याकडे पडत नसेल, तरी पहाटेच्या १० अंशांवरही दोघांच्या वाहण्यात फरक असतोच.

पण तेल विकत घेण्याआधी एक तपासणी करा, फुकटात होते. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. कर्रकन आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक क्लच असेल तर आत हवा असेल किंवा खालचा सिलिंडर गळत असेल. तिथे कोणतंही तेल कामाचं नाही. रिव्हर्स शांतपणे पडला आणि दुसरा गिअर गरम असतानाही ओरडत असेल, तर कडी झिजलीय. दोन्ही नसेल तर दोष तेलाचाच.

क्राऊनपिनियन

वरच्या उत्तराशी सहमत. मी मागच्या एक्सलबद्दल लिहितो.

आधी एक गैरसमज: गिअर ऑइलचा ९० हा आकडा पाहून ते इंजिन ऑइलपेक्षा फार दाट असेल असं वाटतं. दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंशांवर ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (हेही दाटपणाचंच एकक) असतं, म्हणजे इंजिनच्या ४०–५० नंबरच्या तेलाइतकंच. १४० नंबर असतं २४ ते ३२.५. थोडक्यात, ९० वरून १४० वर जाणं म्हणजे दाटपणा जवळपास दुप्पट करणं. मध्ये ११० नावाची पायरीही आहे, १८.५ ते २४.

आता ट्रेलरचं. चढावर लांब वेळ जोर लावला की एक्सलमधलं तेल १२० अंशांच्याही वर जाऊ शकतं. तापमान वाढलं की तेल पातळ होतं, दातांमधला थर बारीक होतो, आणि जास्त घासणं म्हणजे आणखी उष्णता. या चक्रात १४० ला वाव मिळतो, म्हणून सतत जड ओढणाऱ्या काही पिकअपच्या एक्सलला निर्मातेच ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक सांगतात. पण तुमचा वापर महिन्यातून तीन-चार वेळा दीड टन. उरलेले दिवस गाडी रिकामी धावणार, आणि दाट तेल घुसळायला लागणारी शक्ती रोजच्या रोज डिझेलमधून जाणार. शिवाय पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल कसं मिळतं तेही बघा: क्राऊन फिरताना तेल वर उडवतो, ते हाऊसिंगमधल्या वाहिनीतून पुढे जातं. थंड, घट्ट तेल त्या वाहिनीतून सावकाश सरकतं, आणि सकाळची पहिली काही मिनिटं ते बेअरिंग अर्धं उपाशी राहतं.

माझं मत: मागे ७५डब्ल्यू-९० पूर्ण सिंथेटिक जीएल-५. मॅन्युअलमध्ये ८०डब्ल्यू-९० आहे, म्हणजे गरमपणीचा ९० तोच ठेवला आणि थंडीची बाजू सुधारली. त्यात काही तोटा नाही. मॅन्युअलमध्येच ट्रेलरसाठी वेगळा तक्ता असेल आणि त्यात १४० दिलं असेल, तर १४० घाला, तिथे माझं मत बाजूला. सिंथेटिकचा खरा फायदा गरमपणी आहे. तेल सडण्याचा वेग तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. खनिज तेल अशा चटक्यांत लवकर काळं आणि आंबट होतं.

एलएसडी. तुमच्याकडे क्लच-प्लेटचा आहे, म्हणून घर्षण-सुधारक, म्हणजे तुम्ही विचारलेलं अ‍ॅडिटिव्ह, लागणारच. तो नसेल तर वळताना प्लेटा धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, आणि मागून गुरगुरल्यासारखा थरथराट येतो. आधी बाटली वाचा: ‘एलएसडी’ किंवा ‘लिमिटेड-स्लिप’ लिहिलेल्या तेलात तो आधीच मिसळलेला असतो. अशा तेलात सुरुवातीलाच वेगळी बाटली ओतू नका. साधं जीएल-५ घेतलं असेल तरच वेगळा घाला. नेहमीची मात्रा एका एक्सलला १०० ते १२० मिली असते, पण नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. जास्त घातलं की प्लेटा धरायच्याच बंद होतात, आणि चिखलात एक चाक फिरत राहतं, दुसरं उभं. लिमिटेड-स्लिपचे पैसे पाण्यात.

तेल भरल्यावर मोकळ्या जागेत सावकाश इंग्रजी आठच्या आकारात दहा-बारा फेऱ्या मारा, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग जवळपास पूर्ण वळवून. तेल प्लेटांच्या मध्ये शिरायला हेच लागतं. त्यानंतरही थरथराट राहिला, तर ३० मिली सुधारक आणखी घाला आणि परत फेऱ्या. पुन्हा राहिला तर प्लेटा पाहाव्या लागतील.

हे फक्त क्लच-प्लेटच्या प्रकाराला लागू आहे. पुढे तुमचा ओपन आहे, तिथे सुधारक नको. गिअरवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकारालाही तो लागत नाही, आणि दातेरी लॉकरला तर मुळीच नाही.

तळाचा_प्लग

तेलाआधी कामाचा क्रम. आधी वरचा फिलर प्लग सैल करा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडा. चारही ठिकाणी. फिलर गंजून बसलेला निघाला आणि तेल आधीच सांडून झालं, तर गाडी जागेवरच अडकली.

बसलेल्या प्लगवर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, प्लगच्या डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार ठोके द्या, मग आधी किंचित घट्ट करून नंतर सोडवा. आतल्या चौकोनाचा किंवा षट्कोनाचा प्लग असेल तर पाना पूर्ण आत बसलाय याची खात्री करा, मगच जोर लावा. कोपरे गोल झाले की पुढचं काम वेल्डिंगचं. बरेच प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये असतात, तिथे आटे जाणं एका चुकीच्या झटक्याचं काम. सरळ आट्यांच्या प्लगला नवा वॉशर घाला. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, तो पूर्ण आत जाऊन टेकेपर्यंत आवळू नका, हाऊसिंग तडकतं.

गाडी १०–१५ किमी चालवून कोमट असताना तेल काढा. कोमट तेल सगळी घाण सोबत घेऊन येतं. गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर हवी. फक्त मागे जॅक लावला तर पातळी खोटी दिसते. खाली जाणार असाल तर स्टँडशिवाय जाऊ नका.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप दिसणं साधारण आहे, तो पोलादाचा बारीक कीस. नखाला टोचेल असा तुकडा, चकती किंवा दाताचा टवका मिळाला तर तेल भरू नका, आधी कव्हर उघडून पाहा.

काही एक्सलना ड्रेन प्लग नसतोच. तिथे मागचं कव्हर काढून तेल काढावं लागतं. खालचे बोल्ट काढा, वरचे दोन सैल ठेवा, कव्हर हळूच चाळवा, तेल आपोआप भांड्यात येईल. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडे करा. तेलाचा पुसट हात राहिला तरी सिलिकॉन चिकटत नाही. गिअर ऑइलला टिकणारं सीलंट घ्या, ३ ते ४ मिमीची अखंड ओळ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा, बोल्ट समोरासमोरचे घेत आवळा. सीलंट नळीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्या, मगच तेल.

डिफरेन्शियलची पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेला, तेल ओघळून थांबेपर्यंत. सगळ्या गिअरबॉक्सना हे लागू होत नाही. काहींना भोकाच्या खाली काही मिलिमीटर पातळी सांगितलेली असते. तिथे काटकोनात वाकवलेली तार आत घालून मोजा.

चेनवाला_केस

ट्रान्स्फर केसला एटीएफ लिहिलंय ना, मग एटीएफच. ‘गिअर आहेत, म्हणजे गिअर ऑइल’ असं करून ९० नंबर भरणारे भेटतात. चेनच्या केसमध्ये खाली जाळीतून तेल ओढणारा छोटा पंप असतो. तो वरच्या शाफ्टच्या बेअरिंगला आणि प्लॅनेटरी गिअरला तेल पोचवतो, आणि तो पातळ तेलासाठी बनवलेला आहे. दाट तेल थंडपणी जाळीतून येतच नाही. वर सगळं कोरडं, खाली डबकं.

कोणतं एटीएफ, हेही नीट वाचा. जुन्या केसना ‘डेक्सरॉन’ (जनरल मोटर्सचं एटीएफ-मानक) लिहिलेलं असतं. डेक्सरॉन-३ चे परवाने २००६ च्या शेवटी संपले, त्यानंतर नूतनीकरण झालं नाही. आज बाटलीवर तसं काही लिहिलं असेल, तर तो तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो, म्हणून नावाजलेल्या बनावटीचंच घ्या. डेक्सरॉन-६ अधिक पातळ असतं, १०० अंशांवर साधारण ६ सेंटिस्टोक्स, जुनं साडेसातच्या आसपास. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ६ मागच्या पिढीसाठीही चालतं, ट्रान्स्फर केसला मात्र मॅन्युअलने परवानगी दिली असेल तरच.

तुमचा पार्ट-टाइम आहे म्हणून हे सोपं आहे. आपोआप पुढे ताकद पाठवणाऱ्या केसमध्ये क्लच-पॅक असतो, त्याला त्याचंच खास तेल लागतं. तिथे दुसरं काहीही घालू नका.

काढलेलं तेल मोजा. समजा केसमध्ये १.२ लिटर असायला हवं आणि निघालं १.६, आणि गिअरबॉक्समध्ये तितकंच कमी निघालं, तर दोघांमधलं सील गेलंय. गिअर ऑइल केसमध्ये उतरतंय, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. तुमच्या गिअरबॉक्सची तपासणी करताना हे नक्की पाहा, कारण कमी तेलातल्या गिअरबॉक्सचं लक्षणही जड गिअर हेच असतं.

डबलकॅब_फोरबायफोर

सगळ्यांचे आभार. रिव्हर्सची तपासणी केली, शांतपणे पडतो. गरम झाल्यावर दुसराही व्यवस्थित. गिअरबॉक्समध्ये आत्ता ८०डब्ल्यू-९० जीएल-५ आहे, मागच्या नोंदीत तसं लिहिलंय. हे तेल ४०,००० किमी आत राहिलं. आता जीएल-४ भरलं तर आतलं उरलेलं जीएल-५ मिसळून काही बिघडेल का? धुऊन काढावं का?

पितळीकडी

मिसळण्याने काही बिघडत नाही, दोन्ही एकमेकांत विरघळतात. पण कोमट काढून १५–२० मिनिटं ठिबकू दिलं तरी कोपऱ्यांत थोडं उरतंच. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. ते बेअरिंगमध्ये आणि सिंक्रोच्या पोकळ्यांत अडकून राहतं आणि नवं तेल पातळ करतं. सोपा मार्ग: स्वस्तातलं जीएल-४ भरा, ३००–५०० किमी चालवा, काढा, मग चांगलं ७५डब्ल्यू-९० जीएल-४ भरा. ५ स्पीड पिकअपचा गिअरबॉक्स साधारण दोन ते तीन लिटरचा असतो, म्हणजे एक जादा फेरी फार जड नाही.

काढलेलं तेल पांढऱ्या भांड्यात उन्हात धरा. थोडी सोनेरी धूळ असेल तर चालवून घ्या. चमचमाट दिसत असेल तर कड्यांनी बरंच दिलंय. नव्या तेलाने गिअर सुधारेल, पण कडीचं गेलेलं पितळ परत येणार नाही.

आणि थंडपणाचा त्रास पुरता गेला नाही, म्हणून स्वतःच्या मनाने ७५डब्ल्यू-८० वर जाऊ नका. ट्रेलरसोबत चढावर गरम झालं की ते ९० पेक्षा बरंच पातळ असतं, आणि बेअरिंगना ते कमी पडतं.

ऑटोवाला_पिकअप

याच धाग्यात विचारतो. ६ स्पीड ऑटोमॅटिक पिकअप, डिपस्टिक नाही, १,५०,००० किमी. मॅन्युअलमध्ये ‘आयुष्यभराचं तेल’ असं लिहिलंय. बदलावं का? मशिनने फ्लश करावं की नुसतं काढून भरावं?

चेनवाला_केस

बदला. त्या ‘आयुष्यभर’मध्ये ट्रेलर आणि चढ धरलेले नसतात. जड वापराचा तक्ता मॅन्युअलमध्येच शोधा, बऱ्याचदा तिथे वेगळा आकडा सापडतो.

पॅन उघडून तेल काढलं तर एका वेळी एक-तृतीयांश ते निम्मंच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत. समजा एकूण १० लिटर आणि निघतात ४. पहिल्या फेरीनंतर ४० टक्के नवं, दुसरीनंतर ६४, तिसरीनंतर ७८. दोन फेऱ्यांमध्ये काही दिवस गाडी चालवा. पॅन उघडलाच आहे तर फिल्टर, गॅस्केट बदला, चुंबक पुसा. एवढ्या किलोमीटरनंतर दाबाने फ्लश करू नका. कोपऱ्यात बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो.

तेल निघाल्यावर रंगापेक्षा वास पाहा. तपकिरी चालेल. काळं आणि जळका वास, त्यात प्लेटांचा काळा कीस, म्हणजे क्लच आधीच गेलेत. अशा वेळी नवं तेल भरलं आणि गाडी घसरायला लागली, की लोक तेलाला दोष देतात. गुलाबी, दुधाळ तेल निघालं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय. गाडी तिथेच बंद करा. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं, आणि अस्तर प्लेटवरून निघून येतं.

डिपस्टिक नसलेल्यांची पातळी ओव्हरफ्लो प्लगने पाहतात. गाडी सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद फिरवून परत पार्किंगमध्ये. तेलाचं तापमान स्कॅनरवर पाहा. अनेकांना ३५ ते ४५ अंशांची खिडकी दिलेली असते, तुमची मॅन्युअलमधून घ्या. त्या खिडकीत प्लग उघडा: सरळ धार आली तर जास्त आहे, ठिबकतंय तर बरोबर, काहीच नाही तर भरा. ७० अंशांवर पाहिलं तर फुगलेल्या तेलाने बरोबर पातळी दिसते आणि प्रत्यक्षात कमी असतं. जास्त भरणंही वाईट, फिरते भाग तेलाचा फेस करतात, पंप फेस ओढतो आणि दाब पडतो.

तेलाच्या बाबतीत इथे अंदाज अजिबात नको. गिअर ऑइलमध्ये जीएल आणि दाटपणा जुळला की बहुतेक काम झालं, एटीएफमध्ये घर्षणाचा स्वभावही जुळावा लागतो. फोर्डचं मर्कॉन एलव्ही मागितलेल्या ठिकाणी मर्कॉन-५ चालत नाही, टोयोटा डब्ल्यूएसच्या जागी जुनं टी-४ चालत नाही. रंग लाल असणं ही ओळख नाही, लाल फक्त रंगद्रव्य आहे.

क्राऊनपिनियन

दोन्ही गाड्यांसाठी राहिलेलं एक: ब्रीदर. एक्सलच्या नळीवर छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. ती चिखलाने बुजली की गरम तेलाचा दाब ऑइल सीलमधून बाहेर पडतो, आणि लोक सील बदलत बसतात. टोपी बोटाने फिरायला आणि हलायला हवी. गरम एक्सल पाण्यात उतरवला की आतली हवा एकदम थंड होऊन आकुंचते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ओढा-नाला ओलांडणं नेहमीचं असेल तर ब्रीदरची नळी उंचावर, इंजिनच्या खोलीत नेऊन ठेवा. तेल कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर किलोमीटर न मोजता बदला. थोडं पाणी असेल तर डोळ्यांना दिसत नाही. शंका असेल तर पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा बऱ्याच गरम पत्र्यावर एक थेंब टाका, पाणी असेल तर तडतडतं. चष्मा लावून.

डबलकॅब, तुमची यादी: गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ दोन वेळा, केसला मॅन्युअलमधलं एटीएफ, पुढे ७५डब्ल्यू-९० जीएल-५ साधं, मागे ७५डब्ल्यू-९० जीएल-५ एलएसडी. ट्रेलर असताना मागचं ४०,००० किमीला बदला. पुढचं त्याच्या दुप्पट चालेल, पाण्यात उतरला नाहीत तर. प्रत्येक हाऊसिंगवर खडूने तारीख, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार लिहून ठेवा आणि तेच नोंदवहीतही. खडू पहिल्या पावसात जातो.

डबलकॅब_फोरबायफोर

मागचा फिलर प्लग सोडवून पाहिला, तेल ओघळलंच नाही. बोट घातलं तर पातळी सुमारे १५ मिमी खाली. बाहेर कुठे ओघळ नाही, पण डाव्या मागच्या ब्रेक ड्रमच्या आतल्या कडेला ओलावा आहे.

तळाचा_प्लग

मग ते एक्सल शाफ्टचं सील आहे, आणि तेल ब्रेक शूवर जातंय. ट्रेलर जोडू नका तोवर. आधी ब्रीदर तपासा, तो बुजलेला असेल तर नवं सीलही टिकणार नाही. सील बदलताना शाफ्टवर सीलचा ओठ फिरतो त्या जागी नखाला खाच लागते का पाहा. लागली तर नवं सील किंचित आत-बाहेर बसवून ओठ ताज्या पट्ट्यावर आणा, किंवा पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवा. तेल लागलेले शू पुसून वापरू नका, दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. तेल भरण्याचं काम त्यानंतर, नाहीतर महागडं एलएसडी तेल दोनदा घ्यावं लागेल.